गोड न कळणाऱ्या बोक्याचा मधुमेह

वेळणेश्वराच्या देवळातली सांजेची घंटा वाजून गेली, माडांच्या झावळ्यांतून समुद्राची गाज तेवढी ऐकू येऊ लागली, की आमच्या ओटीवर पोरं जमतात आणि म्हणतात, "आजोबा, गुंड्याची गोष्ट सांगा." गोष्टीचा धनी तिथेच उंबऱ्यावर पाय चाटत बसलेला असतो. तर बसा, सांगतो.

गुंड्या आमचा बोका, वयाने दहाएक वर्षांचा, खच्ची केलेला. आमचं घर शाकाहारी, तेव्हा त्याच्या वाट्याला दोन्ही वेळा दूधभात, आणि उरलेला दिवस झोपाळ्याखाली ताणून द्यायची. असा सुटला होता, की उचलून घेताना फणस उचलल्यासारखं वाटायचं. पण एका वैशाखात तो न्हाणीजवळच्या डोणीवर जाऊन पाणी पीत बसू लागला. लपलप, लपलप, संपेचना. खाणं वाढलं आणि अंग मात्र झडत चाललं. मांजर कसं बोटांवर चालतं, पाऊल वाजू न देता? हा मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला, कारण वाढलेल्या साखरेने त्याच्या पायांच्या नसा दुबळ्या केल्या होत्या. आणि आमच्या हिने पाहिलं, की खळ्यात तो जिथे मुतला तिथे मुंग्यांची रांग लागली आहे. लघवीला मुंग्या लागतात ही खूण चरकसंहितेतही नोंदलेली आहे बरं का, आणि आपल्या वैद्यांनी रोगाला नाव दिलं तेच मुळी मधुमेह.

पशुवैद्यांनी रक्त तपासलं, साखर चारशेच्या वर. पण मांजराचं एक असतं, नुसतं भ्यालं तरी त्याची साखर सरसर चढते, म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणीही करून घेतली. ती मागच्या एकदोन आठवड्यांचा हिशेब सांगते, घटकाभराच्या भीतीला फसत नाही. रोग पक्का झाला.

आता यातलं नवल ऐका. ज्याला साखरेचा रोग झाला त्याला साखरेची चवच ठाऊक नाही! फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं, की गोड ओळखायला जिभेला जे जनुक लागतं, त्यातली 247 अक्षरंच मांजराच्या कुळातून गळून गेली आहेत. वाघाला नाही, चित्त्याला नाही, तुमच्या मनीलाही गोड कळत नाही. ती दुधाकडे धावते ती काही गोडीसाठी नव्हे. अस्सल शिकारी जात ती. तिच्या लाळेत पिष्ट पचवायचा रसही नाही. उंदराच्या पोटात भात असून असून असणार किती?

तरी नुसत्या भाताने रोग झाला असं मी म्हणणार नाही. वय, लठ्ठपणा, खच्ची केलेला नर, दिवसभर बसून राहणं, हे सगळं एकत्र आलं. अशा वेळी स्वादुपिंड इन्सुलिन करून करून दमतं, त्याच्या पेशींभोवती अ‍ॅमिलॉइड नावाचा गाळ साचतो, आणि वर चढलेली साखरच त्या पेशींना आणखी गप्प करते. पण पोरांनो, दमलेलं आणि मेलेलं यात फरक आहे. बैल गाळात बसला म्हणून तो संपला असं नसतं. जू काढा, चार दिवस वैरण द्या, उठतो.

ते जू उतरवायचं काम बाहेरून दिलेल्या इन्सुलिनचं. इन्सुलिन म्हणजे 51 मण्यांची माळ, आणि मांजराची माळ गाईच्या माळेहून एकाच मण्याने वेगळी, माणसाच्या माळेहून चार मण्यांनी; बघा, कोण कोणाचं नात्यात निघतं! गुंड्याला दर बारा तासांनी मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई टोचायची. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली मिलिलीटरला 40 युनिटचीही मिळते आणि 100 ची पण. बाटली एका आकड्याची आणि सिरिंज दुसऱ्या आकड्याची झाली तर घात होतो, म्हणून मी दर वेळी दोन्हींवरचा आकडा उजेडात धरून वाचायचो.

दूधभात बंद झाला. शेजारची खारवीण उकडलेली, काटे काढलेली मासळी आणून द्यायची. पण नुसत्या मासळीवर मांजराचं भागत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं कमी पिष्टाचं ओलं खाद्य मुख्य. रोज कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, आकडा वहीत लिहायचा. आणि पिष्ट थांबलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, हे पुरतं ध्यानात येण्याआधीच एके संध्याकाळी गुंड्या झिंगल्यासारखा डुलायला लागला. साखर 48! हिने धावत जाऊन मध आणला, मी त्याच्या हिरड्यांना चोळला आणि डॉक्टरांना फोन लावला. ज्या जिभेला गोड कळत नाही, तिच्याच शेजारी लावलेल्या मधाने जीव वाचवला.

मग डॉक्टर आमची वही बघून डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटने उतरवत गेले. दिवाळीनंतर सुई थांबली. चार आठवडे सुईवाचून साखर ठीक राहिली, तेव्हा ते म्हणाले, "आता रेमिशन म्हणायला हरकत नाही." आणि एका सकाळी हिने मला हाक मारून दाखवलं, गुंड्या पुन्हा बोटांवर चालत होता.

हे प्रत्येक मांजराला जमत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्या मांजरांपैकी 84 टक्के इन्सुलिनमधून सुटली, आणि उशीर झालेल्यांपैकी 35 टक्केच. सुटलेल्यांतही काहींचा रोग परततो, म्हणून गुंड्याचं वजन आणि साखर आम्ही अजून बघतो.

तेव्हा तुमचं मांजर पाण्याच्या भांड्यापाशी जास्त रेंगाळलं, तर त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि सुई चालू असेल, तर आपल्या मनाने ती बंद करू नका, की वाढवू नका. वही ठेवा, आणि आकड्यांचं ऐका.