गारठ्यात जंतू मरतात?

घरात आइस बाथ सुरू झाला की चर्चा पाणी किती अंशांवर आणायचं आणि त्यात किती मिनिटं बसायचं याचीच. पाणी कधी बदलायचं हे कुणी विचारत नाही, कारण ‘एवढ्या गारठ्यात जंतू कसले जगतात!’ हा समज पक्का. गारठ्याने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. प्रयोगशाळांत जिवाणू जपून ठेवतात तेच मुळी उणे 80 अंशांत. लिस्टेरियासारखे काही तर फ्रिजमध्येही वाढतात.

त्यातून आपल्याकडे चिलर असणारे थोडे. बहुतेकांचं काम प्लास्टिकचं पिंप आणि बर्फाच्या लादीवर भागतं. लादी विरघळली की उन्हाळ्यात काही तासांत पाणी कोमट होतं. घाम, केस, अंगाला चोळलेलं तेल त्यात असतंच. मग पिंपाला आतून जो बुळबुळीत थर येतो, ती जंतूंची वसाहत असते. नुसतं औषध टाकून ती जात नाही, घासावीच लागते. पिंप उघडं राहिलं तर डासही येणार. डेंग्यू पसरवणारा एडिस साठवलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच अंडी घालतो. ती पिंपाच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही ते यासाठी.

तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. एप्सम सॉल्ट टाकूनही जंतू मरत नाहीत. फिल्टर केस-कचरा अडवतो, एवढंच.

चिलर असेल आणि तेच पाणी पुन्हा वापरायचं असेल तर क्लोरीन हवं: लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम. 300 लिटरच्या टबात 3 मिलिग्रॅमच्या हिशेबाने 5 टक्क्यांचं साधं, बिनवासाचं लिक्विड ब्लीच सुमारे 18 मिली पडतं. पट्टीने तपासावं, कारण बाटली जुनी झाली की जोर कमी होतो. थंड पाण्यात क्लोरीन सावकाश काम करतं, तेव्हा टाकल्या टाकल्या उतरू नये. उग्र वास आला म्हणजे पाणी शुद्ध, हाही गैरसमजच. तो वास बहुधा क्लोरीन घामाशी-लघवीशी संयोग पावल्याचा असतो. म्हणून आधी साबणाने अंघोळ. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

बर्फाचंही बघावं. 2018 पासून अखाद्य बर्फ निळसर करण्याचा नियम आहे. असा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि डोकं बुडवलं की पाणी नाका-तोंडात जातंच. त्यापेक्षा बाहेरून धुतलेल्या बंद बाटल्यांत घरचं पाणी गोठवून त्या पिंपात सोडाव्यात.

चिलर नसेल तर क्लोरीनच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी पिंप रिकामं करावं, घासावं आणि उन्हात उपडं घालावं. एवढं पाणी टाकवत नसेल तर ते संडासात ओतायला आहेच.