नरनाळ्याच्या पायथ्याची अमावास्या

अकोट सोडून उत्तरेला निघालं की कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागांच्या पलीकडे सातपुडा एकदम उभा राहतो. अकोल्यापासून इथवर सगळा मुलूख सपाट. म्हणूनच हा डोंगर पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडीतच थोडा पुढे वाकतो. माझी भाचीही वाकली. मार्गशीर्षातली अमावास्या होती आणि तिला एकाच दिवसात गड आणि तारे दोन्ही हवे होते.

पोपटखेडवरून शहानूरला पोचलो की वनविभागाचं फाटक लागतं. नरनाळा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. त्यामुळे गडावर मुक्काम करता येत नाही, उन्हं कलायच्या आत खाली यावं लागतं. तंबू घेऊन आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. मला मात्र हा नियम मनापासून पटतो. अंधार पडल्यावर ती वाट बिबट्याची, अस्वलाची आणि वाघाची आहे. प्रवेशाच्या वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या विचारून घ्याव्यात.

चढ सागाच्या रानातून जातो. एकामागून एक दरवाजे लागतात आणि मग समोर येतो महाकाली दरवाजा. या दरवाजासाठी तरी नरनाळा पाहावाच. भोवती सगळा काळा पाषाण आणि मध्येच हे पांढरट वालुकाश्माचं काम! बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात, १४८७च्या सुमारास तो उभा राहिला. कमानीवर कोरलेली कमळं आहेत, बाजूला सज्जे आहेत आणि वर अरबी अक्षरांची ओळ. त्या अक्षरांचे उभे दांडे इतके जवळजवळ आहेत की लांबून ते दगडातल्या कुंपणासारखे दिसतात. भाचीनं कमळाच्या पाकळीवरून बोट फिरवलं. पाकळीची कड अजून बोटाला लागते. गडावर पुढे शक्कर तलाव आहे, पाण्याची टाकी आहेत, नऊगजी तोफ आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखं ठिकाण. तोफेजवळून दक्षिणेला पाहिलं की सगळं वऱ्हाड पायाशी पसरलेलं दिसतं. पश्चिमेला याच पायथ्याशी अडगाव आहे. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही पडला. सोळा दिवसांत वऱ्हाडचं नशीब फिरलं.

रात्र आम्ही पायथ्याच्या एका ओळखीच्या शेतात काढली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, वर तूप. जेवण झाल्यावर विस्तव पूर्ण विझवला, मोबाइल पिशवीत टाकले आणि बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद रबरानं बांधला. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरला तर आकाश आपणहून भरत जातं.

भाचीला आधी ध्रुव दाखवला. हात ताठ करून मूठ धरली, तर एक मूठ साधारण दहा अंशांची होते. नरनाळा २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून इथे ध्रुव उत्तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर. गडाच्या काळ्या कडेच्या वर तो एकटाच होता. मग ती कृत्तिका मोजू लागली. “मामा, सहाच दिसतात.” मी म्हटलं, पुन्हा मोज. या कृत्तिका आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर. म्हणजे आज दिसणारा त्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा हाच गड ताब्यात असलेली वऱ्हाडची इमादशाही बुडून दहा-बारा वर्षंच झाली होती.

पण त्या रात्रीचा खरा जाणकार शेजारच्या तुरीत होता. माळ्यावर बसून जागल करणारे एक आजोबा. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून पायथ्याची माणसं हिवाळाभर अशीच जागतात. मृग डोक्यावर आला तसे ते म्हणाले, “थे पाय पोरी, तिकांडं वर आलं. आता रोह्याईचा टाइम झाला.” आणि हातातला पत्र्याचा डबा वाजवला. मध्यरात्र उलटल्यावर ईशान्येला सप्तर्षी चढले. भाचीनं नाव सांगितलं, तर आजोबांनी मान हलवली. “आमच्यात थे बाज हाय. अन् थे तीन चोर, बाजीचे पाय न्याले आले.” हे आकाश मला कुठल्याच तारकानकाशात सापडलं नव्हतं.

दक्षिणेला मात्र चित्र वेगळं होतं. अगस्ती इथून क्षितिजापासून जास्तीत जास्त दीड मूठ वर येतो, आणि तिथेच अकोटच्या दिव्यांचा पिवळट धूर पसरलेला. तारा दिसला, पण मळका. पाठीशी सातपुडा होता म्हणून उत्तर तेवढी शाबूत. नागपूरजवळच्या पेंचला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तसा प्रयत्न इथे झाला पाहिजे. शहानूर-पोपटखेडच्या रस्त्यांवरच्या दिव्यांना वरून झाकण घातलं, तरी सुरुवात होईल. दिवा रस्त्यासाठी असतो, त्याचा उजेड गडावर जायचं काही कारण नाही.

तीनच्या सुमाराला दव पडू लागलं, गोधडी ओलसर झाली. डब्याचा आवाज पुन्हा आला आणि तुरीत काहीतरी जड पळालं. मला वाटलं भाची झोपली असेल. गोधडीतून हात बाहेर आला, पश्चिमेकडे कललेल्या कृत्तिकांकडे बोट करून ती हळूच म्हणाली, “मामा, सात.”