बोटं हलतात कोपरापासून!

डावा हात पुढे करा. उजव्या हाताने डाव्या कोपराच्या जरा खाली घट्ट धरा आणि डाव्या बोटांनी हवेत पेटी वाजवा. मुठीखाली काहीतरी वळवळलं ना? नाचताहेत बोटं, आणि वळवळ चाललीय इथे!

गंमत अशी, की बोटं हलवणारा एकही स्नायू बोटांत नसतो. काही छोटे स्नायू तळहातात असतात, दणकट मंडळी सगळी कोपराखाली. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. पुस्तकात त्यांना स्नायूरज्जू म्हणतात, डॉक्टर म्हणतात टेंडन. सायकलचा ब्रेक आठवा: दाबता मुठीत, आवळतो चाकापाशी, मधे नुसती तार. तळव्याकडच्या दोऱ्या बोट मिटतात, हाताच्या पाठीवरच्या उघडतात.

पाठीवरच्या तर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. पुरावा हवा? तळवा टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडून ठेवा आणि आता एकटी अनामिका उचलून दाखवा. बाबांशी पैज लावा, बहुतेक जिंकाल.

आणि अशी दोरी तुटली तर? चला आता दादरला. शिवाजी पार्कावर एकाच वेळी इतके सामने रंगलेले असतात, की कुणाचा चेंडू कुणाच्या अंगावर येईल, नेम नाही. समजा, झेल घेताना सीझन बॉल नेमका बोटाच्या टोकावर आदळला. बोटाचं टोक एकदम खाली झुकतं. दुसऱ्या हाताने सरळ करावं, तर होतं. सोडलं, की पुन्हा मान खाली! टोक उचलणारी दोरी तुटलीय. अशा वेळी "थांब, ओढून देतो" म्हणणारे एक काका हजर असतातच. त्यांना लांब ठेवा, बर्फ लावा आणि डॉक्टरांकडे जा. एक्स-रे काढावा लागतो, कारण कधी दोरीबरोबर हाडाचा कपचाही निघतो. एरवी उपाय म्हणजे शेवटचा सांधा सरळ धरणारी छोटीशी पट्टी. पण कशी? रात्रंदिवस, साधारण 6 ते 8 आठवडे. पट्टी बदलतानासुद्धा बोट टेबलावर सरळ टेकवूनच ठेवायचं. चुकून एकदा वाकलं, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर मात्र याच्या अगदी उलट प्रकार. संक्रांतीचे दिवस, पतंग काटाकाटीत, आणि मांजा सर्रकन बोटातून जातो. जखम बघाल तर बारीकशी चीर. पण आतली दोरी कापली गेली असेल, तर स्नायू तिला वर खेचून घेतो आणि तुटलेलं टोक थेट तळहातात जाऊन बसतं. मग कितीही जोर लावा, बोट मिटत नाही. सर्जन ते टोक शोधून आणतात आणि शिवतात.

खरी पंचाईत पुढेच. बोट अगदी गप्प ठेवलं, तर दोरी आजूबाजूला चिकटून बसते. जोरात हलवलं, तर टाका तुटतो. म्हणून काही दिवसांतच बोट हलवायला लागतात, पण शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि अगदी बेताने. हे शिकलेलं माणूस म्हणजे हाताचे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. यातल्या दुसऱ्या विद्येची भारतातली पहिली शाळा सुरू झाली आपल्या परळला, केईएम रुग्णालयात, 1950 साली. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या.

हे थेरपिस्ट एक खास प्लास्टिक गरम पाण्यात बुडवतात. ते मऊ पडलं, की तुमच्या हातावर ठेवून दाबतात. दोन-चार मिनिटांत कडक! झाला फक्त तुमच्याच मापाचा स्प्लिंट. तो साधारण 6 आठवडे. मग नाणी उचला, गुंड्या लावा, माती मळा, असले उद्योग. जड काही उचलायला मात्र साधारण 3 महिने बंदी. दप्तर दुसऱ्या हाताने उचलता येतं, तेव्हा शाळा बुडणार नाही.