पुणे ते न्यूयॉर्क : नकाशावरील अंतर आणि घड्याळातील वेळ

मार्केट यार्ड, लक्ष्मी रस्ता, बिबवेवाडी या भागांतील अनेक व्यापारी कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. नातवंडाच्या जन्माला किंवा लग्नकार्याला निघालेल्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो : विमानात किती तास बसावे लागेल?

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो अरबस्तानावरून न जाता मध्य आशिया, रशिया व उत्तर युरोपच्या अंगाने वर चढतो. गोलावरील सर्वांत जवळची वाट तीच. तथापि २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियाचे, तर एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे आकाश बंद झाले. त्यामुळे विमानांना वळसा पडतो.

ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर १४ तासांत कापले जावे. प्रत्यक्षात जाताना साधारण १६ तास लागतात, परतताना वेळ कमी लागतो. उत्तरेकडील उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते जाताना विरोध करतात, येताना साथ देतात.

मग पुण्याहूनच थेट विमान का नाही? लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. तेथील धावपट्टी सुमारे २,५०० मीटर लांबीची असून शहर समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवरील विरळ व तापलेल्या हवेत विमानाला उड्डाणासाठी अधिक धाव लागते. इंधनाने भरलेल्या अवजड विमानाला ही धावपट्टी अपुरी पडते. २००८ साली लुफ्तान्साने सुरू केलेली पुणे-फ्रँकफर्ट सेवाही लहान विमानानेच चालत असे.

म्हणून हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावा. मुंबईपर्यंत चार तास, विमानतळावर तीन तास, उड्डाणाचे सोळा तास आणि उतरल्यावरची तपासणी, म्हणजे पूर्ण दिवस-रात्र. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मध्यरात्रीनंतर निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी तेथे पोहोचतो!

पश्चिमेकडे जाताना दिवस किंवा रात्र लांबते, परतताना आखडते. त्यामुळे नवकारशी व चौविहार पुण्याच्या वेळेवर मोजता येत नाहीत. नियम कोणत्या वेळेनुसार पाळावा, हे निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारावे. जैन भोजनाची नोंद तिकीट काढतानाच करावी. मधुमेहाच्या औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. दर दोन तासांनी थोडे चालावे. एवढी तयारी असली, की सत्तरी गाठलेल्या आजी-आजोबांनाही हा प्रवास सुखाचा होतो.