जखम झाकावी, लपवू नये

भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांत जीवानंद वैद्याची कथा येते. आचार्य हेमचंद्रांनी ती ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त सांगितली आहे. कृमिकुष्ठाने पीडित मुनिराजांच्या देहास वैद्याने लक्षपाक तेल लावले. व्याकुळ कृमी बाहेर येऊन शीतल रत्नकंबलात शिरले. तेथून त्यांना गाईच्या कलेवरात सोडण्यात आले. कंबल व गोशीर्ष चंदन देणाऱ्या व्यापाऱ्याने, प्रयोजन कळताच, मोल घेतले नाही.

ही कथा आजही प्रस्तुत आहे. भाजल्याचा जुना वण, पायावरची न भरणारी जखम किंवा धोतर-साडीच्या गाठीने कमरेवर पडलेला चट्टा, यांतून त्वचेचा कॅन्सर उद्भवू शकतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकरांनी 1945 मध्येच ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली होती. दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते, पुढे दुर्गंधीच्या लाजेने ती लपवली जाते. उघड्या व्रणावर माशी शेकडो अंडी घालते आणि साधारण एका दिवसात अळ्या पडतात.

अशा वेळी घरी अळ्या उपटू नयेत; रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असतो. रॉकेल, फिनेल, चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत घालू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने किमान दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे, जखम झाकावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे टर्पेंटाइनच्या बोळ्याने अळ्यांचा श्वास कोंडतो. त्या वर येतात व चिमट्याने काढल्या जातात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि दुर्गंधीवर मेट्रोनिडॅझोल दिले जाते.

परंतु अळ्या निघाल्या म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. जखमेचा तुकडा तपासून घेणे अत्यावश्यक आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि पुढील उपचारांसाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक उपचारांचा समावेश आहे.

अळ्या काढण्यात हिंसा होते, या विचाराने काही श्रावकांचे मन कचरते. परंतु येथे मारण्याचा संकल्प नसतो, रोग्याचे रक्षण हा हेतू असतो. शिवाय खरी जीवदया त्याआधीच साधता येते. वेळीच झाकलेल्या जखमेवर माशी बसत नाही. जीव उपजत नाही आणि मरतही नाही.

वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तप मानले आहे. घरातील वृद्ध, दुकानातील जुने मुनीम, आडतीवर पोती वाहणारे हमाल यांच्या अंगावरील एखादी जखम महिन्याभरात भरत नसेल, तर त्यांना संकोच न वाटू देता विचारावे आणि सोबत जाऊन तपासणी करून आणावी. जीवानंदाच्या कथेतील तो व्यापारी याहून वेगळे काय करत होता?