छप्पर : भूतलावरील जोडणी व उत्थापन

छपराचा सांगाडा किंवा त्याचा मोठा भाग प्रथम जमिनीवर जोडून नंतर तो उचलून भिंतींवर वा खांबांवर बसविण्याची बांधकामपद्धती. परांचीवर उभे राहून एकेक वासा जोडण्यापेक्षा जमिनीवर मापे पडताळणे, सांधे पारखणे व चूक दुरुस्त करणे सुकर असते आणि उंचावरून पडण्याचा धोकाही कमी होतो. मात्र उचलण्याचा टप्पा हाच या पद्धतीतील सर्वांत जोखमीचा भाग होय.

लाकडी वा पोलादी कैची या पद्धतीस सोयीची असते. दोन्ही टोके आधारावर टेकलेली असताना कैचीच्या वरच्या तिरप्या घटकांवर संपीडन (दाब) व खालच्या आडव्या घटकावर ताण येतो. शिखराशी एकाच ठिकाणी दोर बांधून ती उचलल्यास ही स्थिती उलटते आणि खालचा सडपातळ घटक दाबाखाली वाकण्याचा संभव असतो. म्हणून दोर दोन ठिकाणी बांधतात, कमकुवत घटकांना बांबू वा बल्ल्या बांधून ताठपणा आणतात आणि टोकांना दोर लावून कैची वाऱ्याने फिरू देत नाहीत. पहिली कैची दोन्ही बाजूंनी ताणदोरांनी स्थिर केल्यावर पुढच्या कैच्या तिला आडव्या घटकांनी जोडतात. लहान कामास खांब व कप्पी पुरते. मोठ्या कामास यारी लागते. जपानमधील ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनात सु. १०८ मी. रुंद व २९२ मी. लांब त्रिमितीय सांगाड्याचे छप्पर जमिनीवर जोडून हवेच्या दाबावर चालणाऱ्या जॅकांनी सु. ३० मी. उंच चढविण्यात आले.

वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण घरबांधणीत छपराचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविलेला दिसतो. म. गांधी १९३६ मध्ये सेगाव (१९४० पासून सेवाग्राम) येथे राहावयास आल्यानंतर तेथील कुट्या माती, लाकूड, बांबू व कवेलू या स्थानिक सामग्रीतून उभारण्यात आल्या. अशा बांधणीत लाकूड व बांबू एकसारख्या मापाचे नसल्याने प्रत्येक वासा जागेवरच बसवून घ्यावा लागतो. या छपरास इमारती लाकूड अपरिहार्य असते आणि त्याची टंचाई वाढत गेली, तसे घर बांधणे गरिबांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले.

यावर देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्धा येथे स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूसारख्या पोकळ कौलांच्या कमानी छपराचा प्रसार केला. कुंभार चाकावर घडवून भट्टीत भाजलेल्या कौलाचे अरुंद टोक पुढील कौलाच्या रुंद तोंडात बसवून कमान तयार होते. कमानीच्या आकाराच्या तात्पुरत्या आधारावर अशा कमानी शेजारी शेजारी रचून सांधे भरतात व वरून गिलावा करतात. भाजलेली माती दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळे अशी कमान जमिनीवर रचून उचलणे सोयीचे नसते. कमानीचा बाहेरील रेटा भिंतींनी वा बंधनांनी पेलावा लागतो. कौलांतील पोकळीमुळे छपराचे वजन कमी राहते आणि विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात खोलीत येणारी उष्णताही कमी होते. लाकडाची बचत होऊन छपराच्या खर्चाचा काही भाग गावातील कुंभाराकडे जातो.

सारांश, एकाच आकाराचे अनेक घटक, मोकळी जागा व उचलण्याची साधने उपलब्ध असतील, तेथे जमिनीवरील जोडणी फायद्याची ठरते. जेथे माती, भट्टी व कसबी हात जवळ असतात, तेथे लहान घटकांची जागेवरील जोडणी अधिक परवडते.