बंदूक घरात, किल्ली कुणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझा व्यवसाय शब्दांचा. कविता लिहिणाऱ्या माणसाने बंदुकीच्या पेटीवर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण मी नागपुरात, सदरमध्ये लहानाचा मोठा झालो. एका बाजूला सिव्हिल लाइन्स, दुसऱ्या बाजूला पोलीस लाइन टाकळी, तासाभराच्या आत कामठीची छावणी. निवृत्त फौजी, जंगल खात्यातली माणसे, जुने कंत्राटदार, सराफीवाले असे लोक आमच्या ओळखीत. त्यांतल्या अनेकांच्या घरी परवान्याची बंदूक होती, काहींकडे आजही आहे. विदर्भात शिकारीचा शौक मोठा होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपत गेली. बंदुका मात्र राहिल्या. कुणाच्या कपाटावर, कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली. वडील गेले, बंदूक मुलाच्या नावावर झाली. आता त्या घरात नातवंडे खेळतात.

म्हणून आजचा विषय साधा आहे. ज्याच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे आणि महागडी तिजोरी घेण्याची ऐपत नाही, त्याने ते कसे ठेवावे?

दोन अलीकडच्या घटना आठवा. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली, असे तेव्हा सांगण्यात आले. नशीब, जिवावरचे पायावर निभावले. दुसरी घटना त्याच वर्षीच्या ८ फेब्रुवारीची. मुंबईच्या दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. झाडणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. त्याच्या हातातले पिस्तूल त्याचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाचे होते, परवाना अंगरक्षकाच्या नावावर होता. हे पिस्तूल त्याच कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवले जात असे, अशा बातम्या तपासाच्या वेळी आल्या होत्या.

या दोन घटनांत सगळा विषय आला. पहिलीत शस्त्र भरलेले होते. दुसरीत शस्त्र मालकाच्या हाती नव्हते. लॉकर असूनही उपयोग झाला नाही, कारण लॉकरपेक्षा किल्ली मोठी असते. पेटी किती हजारांची आहे, हे नंतर पाहू. आधी तिची किल्ली कुणाकडे आहे, ते पाहू.

कायदा काय म्हणतो? आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालचे आजचे नियम २०१६ चे. या नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षित वापरीन आणि सुरक्षित ठेवीन, अशी लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. पण मुख्य गोष्ट अशी की, परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. ज्याचे नाव परवान्यावर आहे, त्याच्याखेरीज घरातल्या कुणाचाही त्या शस्त्रावर हक्क नाही. बायकोचा नाही, थोरल्या मुलाचा नाही, ड्रायव्हरचा तर नाहीच नाही. तेव्हा किल्लीही एकाचीच.

आता खर्चाकडे वळू. मी खर्चाच्या तीन पायऱ्या करतो.

पहिल्या पायरीला एक पैसाही लागत नाही. शस्त्र रिकामे करून ठेवायचे आणि काडतुसे दुसरीकडे, वेगळ्या कुलपात ठेवायची. ऐकायला सोपे आहे, पण इथेच माणसे चुकतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे अनेकांना वाटते. नळीच्या मागच्या घरात एक गोळी राहिलेली असू शकते. मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढायची, आत डोळ्यांनी पाहायचे, बोटानेही चाचपायचे. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडून सगळी घरे मोजायची. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट गोळीच्या पाठीवर टेकलेला असतो. असे शस्त्र आपटले तर चाप न दाबताही उडू शकते. दुनळी बंदूक असेल तर आणखी सोय आहे. तिचे तीन भाग सुटे होतात: नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा. नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवला, तर चोराच्या हाती लागले तरी अर्धेच लागते.

या फुकटच्या सवयींना किंमत आहे की नाही? २००५ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधकांनी तेथील घरांचा अभ्यास करून चार गोष्टी तपासल्या. बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसे कुलपात, काडतुसे बंदुकीपासून दूर. या चारही गोष्टी ज्या घरांत पाळल्या जात, तिथे मुलांच्या अपघातांचा आणि मुलांनी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा धोका कमी आढळला. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर काडतुसे वेगळी ठेवण्याचे बंधन घातले. यातल्या कुठल्याही गोष्टीला श्रीमंती लागत नाही.

दुसरी पायरी थोड्या पैशांची. केबलचे कुलूप मिळते. प्लॅस्टिकचे आवरण असलेली पोलादी तार उघड्या शस्त्राच्या घरातून किंवा नळीतून ओवायची आणि कुलूप लावायचे. तार आत आहे तोवर गोळी भरताच येत नाही. चापावर बसणारे कुलूपही असते. पण ते भरलेल्या शस्त्रावर कधीही लावू नये, लावतानाच चाप दाबला जाण्याची भीती असते. शिवाय ही दोन्ही कुलपे मुलांचा हात रोखतात, चोराला रोखत नाहीत. चोर कुलपासकट शस्त्र उचलून नेतो आणि सवडीने कापतो. काडतुसांसाठी एक छोटी पोलादी पेटी याच पायरीवर येते. ती वेगळ्या खोलीत ठेवा आणि तिची किल्ली बंदुकीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका.

तिसऱ्या पायरीवर खरी पेटी येते. आपल्याकडे पहिला विचार येतो तो घरातल्या कपाटाचा. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली आणि १९२३ मध्ये त्यांच्या कारखान्यातून पोलादी कपाट निघाले. तेव्हापासून कुठल्याही कंपनीचे पोलादी कपाट मराठी घरात 'गोदरेज'च म्हणवते. त्या कपाटातला लॉकर म्हणजे घरातली सर्वांत सुरक्षित जागा, असा आपला समज. पण विचार करा. त्याच लॉकरमध्ये दागिने असतात, म्हणून चोर पहिला तिथेच जातो. त्याच लॉकरमध्ये घराची कागदपत्रे असतात, म्हणून घरातला प्रत्येक जण तो उघडतो. किल्ली साड्यांच्या घडीत असते, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. कपाटाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभराचा, पहारीच्या एका दणक्यात वाकतो. दागिने आणि शस्त्र एका कुलपात कधीही ठेवू नयेत.

त्यापेक्षा एखाद्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पेटी बनवून घ्या. इतवारीच्या लोहा ओळीत जा किंवा आपल्या मोहल्ल्यातला ग्रिल-दरवाजे बनवणारा गाठा. त्याला ती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही, 'कागदपत्रांसाठी' म्हटले की पुरे. मागण्या मात्र नेमक्या सांगा. पत्रा निदान तीन मिलिमीटरचा. दाराच्या कडा चौकटीत आत शिरणाऱ्या, म्हणजे पहार घालायला फट राहणार नाही. बिजागऱ्या आतून. बाहेर लटकणारे कुलूप नको, कारण कडी-कोयंडा करवतीने मिनिटांत कापता येतो. आत बसवलेले चांगले लिव्हरचे कुलूप हवे. पाठीला आणि तळाला मिळून चार भोके, ज्यांतून आतल्या बाजूने बोल्ट मारता येतील. हे शेवटचे विसरू नका. न ठोकलेली पेटी म्हणजे चोराला दिलेली सुटकेस.

पेटी ठोकायची भिंत पक्की हवी. सदरमधल्या जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंती यासाठी उत्तम, पण बोल्ट नुसत्या पलस्तरात न राहता विटेत खोल गेला पाहिजे. फ्लॅट असेल तर खांब-तुळयांना भोके पाडू नका. कोपऱ्याची जागा निवडा, म्हणजे पहारीला जोर लावायला बाजू मिळत नाही. जमल्यास लाकडी कपाटाच्या आत बसवा, बाहेरून दिसू नये. भाड्याचे घर असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल, तर पेटीवरचा खर्च थांबवा आणि पुढे सांगतो तो मार्ग धरा.

आकड्यांची, बोटाच्या ठशाची कुलपे आता सर्रास मिळतात. चांगली असतात, पण सेल संपला की दार उघडत नाही, म्हणून सोबतची किल्ली वेगळी सांभाळावी लागते. कंपनीने दिलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. मुलाची जन्मतारीख ठेवू नका, ती मुलालाच पहिली सुचते. आगीपासून वाचवणाऱ्या जाड तिजोऱ्यांचे आकर्षण असते. त्या महाग असतात, वजनाने जड असतात आणि त्यांच्या अस्तरात ओल धरते. शस्त्रासाठी ती पहिली गरज नव्हे.

ओलीवरून आठवले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लोखंडाला दिवस वाईट. चामड्याच्या म्यानात शस्त्र महिनोन् महिने ठेवले तर चामडे ओल धरते आणि गंज चढतो. नळीला हलका तेलाचा हात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूरची जागा, एवढे पुरते. खेड्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना असतो, गडचिरोलीकडे तिला भरमार म्हणतात. ती ठासलेली टांगून ठेवू नका. दारू आणि टोप्या वेगवेगळ्या, चुलीपासून आणि देवघराच्या दिव्यापासून लांब, कुलपात.

कुणी म्हणेल, 'अहो, रात्री दरोडा पडला तर मी किल्ल्या शोधत बसू?' प्रश्न रास्त आहे. पण हिशेब मांडा. दरोड्याची रात्र आयुष्यात कदाचित एकदा येईल, बहुधा येणारच नाही. घरात मुले, पाहुणे, नोकर-चाकर मात्र रोज असतात. रागाची, दारूची, निराशेची वेळ दरोड्याहून जास्त वेळा येते. उशीखालचे शस्त्र त्या सगळ्यांसाठी तयार असते. ज्याला खरोखर धोका आहे, त्याने ते अंगावर बाळगावे. अंगावरून उतरले की पेटीत, मध्ये तिसरी जागा नाही.

माझे मामू कामठीला राहत. त्यांची दुनळी शिकारीच्या काळातली. नळ्या एका पेटीत, दस्ता दुसरीत, काडतुसे तिसरीकडे. किल्ली कमरेला. मामींना त्यांनी एकच सांगून ठेवले होते, 'मी गेलो तर आधी ठाण्यात खबर द्या, किल्ली मग शोधा.' मामी तसेच वागल्या. बंदूक रीतसर ठाण्यात जमा झाली, मुलाने परवान्यासाठी अर्ज केला, कुणाला त्रास झाला नाही. प्रत्येक घरात एवढा निरोप असावा. परवान्याची आणि शस्त्राच्या क्रमांकाची एक प्रत पेटीच्या बाहेर असावी. शस्त्र हरवले वा चोरीला गेले तर त्याच दिवशी ठाण्यात कळवायचे असते, तेव्हा तोच कागद लागतो.

आणि तो दुसरा मार्ग. परवानाधारक शस्त्र-विक्रेत्याकडे शस्त्र जमा ठेवता येते. लांबच्या प्रवासाला निघताना, घर बदलताना, घरात कुणी मनाने खचले असेल तेव्हा, हा मार्ग पेटीहून स्वस्त आणि पक्का आहे. ज्या बंदुकीला वीस वर्षांत कुणी हात लावला नाही, जी केवळ आजोबांची आठवण म्हणून आहे, तिच्याबद्दल एकदा घरात बसून बोला. आठवणीसाठी आजोबांचा फोटो असतो. बंदूक रीतसर विकता येते, जमा करता येते. आणि ठेवायचीच असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. ती रिकामी आहे का, काडतुसे कुठे आहेत आणि किल्ली कुठे असते हे तुमच्याशिवाय कोणाकोणाला माहीत आहे, ते मोजा. आकडा एकाहून मोठा आला, तर उद्या सकाळीच जागा बदला.